गाइडच्या आधी बेअर अ‍ॅक्ट

एलएलबीला प्रवेश घेतला की सीनियर पहिला सल्ला देतात तो गाइडचा. पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकातून आण, शेवटच्या महिन्यात वाच, पास होशील. मुलं पास होतातही. पण पुढे वकिली करायची असेल तर पहिल्या सेमिस्टरपासून बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्याशिवाय कायद्याचा मूळ मजकूर, हातात हवा, असं माझं ठाम मत आहे.

मी बी.कॉम.नंतर सीईटी देऊन पुण्यात तीन वर्षांच्या कोर्सला आले. पहिल्याच वर्षी १८७२ चा करार कायदा समोर आला. कलम ११ सांगतं की करार करणारा सज्ञान हवा, मनाने सक्षम हवा आणि कायद्याने अपात्र ठरवलेला नसावा. पण अज्ञान, म्हणजे सज्ञान नसलेल्या, मुलाने करार केलाच, तर त्या कराराचं काय? कलमात उत्तर नाही. ते १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिलं: असा करार सुरुवातीपासूनच शून्य. गाइडमध्ये ही एक ओळ असते. कलम वाचून आधी प्रश्न पडला आणि मग निकाल वाचला, तर ती पाठ करावी लागत नाही.

फौजदारी कायद्यात तर आता जुन्या नोट्स घातकच आहेत. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, म्हणून दोन्ही शिका.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी निकालांना घाबरू नये. आधी फक्त घटना वाचा, मग वादाचा मुद्दा, मग न्यायालयाने दिलेली कारणं. सर्वोच्च न्यायालयाच्या बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं संकेतस्थळावर आहेत. सुरुवातीला ती शेजारी ठेवा.

मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटूचा खटला, एकदा तरी मनापासून करा, मेमोरियल म्हणजे लेखी युक्तिवाद लिहिण्यासाठी. आणि सुट्टीत शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जा. जामिनाचा युक्तिवाद, साक्षीदाराची उलटतपासणी मागच्या बाकावर बसून ऐका. इंटर्नशिप मिळाली तर वकिलांकडे एखादी निकाली निघालेली फाइल मागा आणि वकालतनाम्यापासून निकालापर्यंत क्रमाने वाचा.