ऑनलाइन अदलाबदल करताय? मग या चुका टाळा

वस्तूच्या बदल्यात वस्तू, मध्ये पैसा नाही. अदलाबदलीची मजा यातच आहे आणि धोकाही. कार्डाने पैसे देऊन घेतलेल्या वस्तूबद्दल निदान बँकेकडे दाद मागता येते. इथे आपलं पार्सल एकदा गेलं की ते परत मिळवणं फार अवघड. म्हणून सगळी खातरजमा पार्सल पाठवण्याआधीच करायची.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे समोरच्याला आधीच्या सौद्यांबद्दल मिळालेल्या फीडबॅकचा नुसता आकडा बघून भुलणं. फीडबॅक वाचा. कोणी दिलाय, कधी दिलाय, कशाबद्दल दिलाय? लबाड माणूस आधी स्टिकर, पोस्टकार्डं अशा किरकोळ वस्तू अगदी वेळेवर पाठवतो, नाव कमावतो आणि मग तुमच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवतो. सगळं कौतुक एकाच आठवड्यातलं आणि कौतुक करणारी खातीही नवीकोरी असतील, तर तिथेच थांबा. बराच काळ गप्प असलेलं जुनं खातं अचानक धडाधड सौदे करू लागलं, तर ते हॅक झालेलं असू शकतं. समोरच्याशी आधी व्यवहार केलेल्या दोघा-तिघांना सरळ मेसेज करून विचारा. यात संकोच कसला? प्रामाणिक माणसाला अशा चौकशीचा राग येत नाही.

फोटो इंटरनेटवरून उचललेलाही असतो. कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून तो वस्तूशेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. सीरियल नंबर आणि ओरखडे असलेली बाजूही जवळून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्या.

आधी कोणी पाठवायचं? ज्याचे व्यवहार कमी, त्याने आधी, हा अदलाबदलीच्या बऱ्याच ऑनलाइन ग्रुपमधला रिवाज मला योग्य वाटतो. दोघंही सारखेच जुने असाल तर एकाच दिवशी पाठवा. पण समोरच्याने ट्रॅकिंग नंबर दिला म्हणजे पार्सल निघालं, असं धरू नका. ऑनलाइन लेबल बनवलं तरी नंबर मिळतो. कुरिअरच्या साइटवर पार्सल ताब्यात घेतल्याची नोंद दिसेपर्यंत थांबा. वस्तू मोठ्या किमतीची असेल तर मध्यस्थ घ्या, म्हणजे दोघांची पार्सलं आधी त्याच्याकडे जातील आणि तपासून तो ती पुढे पाठवेल. मात्र तो ग्रुपच्या अ‍ॅडमिनला विचारून तुम्हीच ठरवा. समोरचा सुचवेल तो नको, कारण ओळखीच्या मध्यस्थाच्या नावात एखादं अक्षर बदलून बनावट खाती काढली जातात.

दोन वस्तूंच्या किमतीतला फरक म्हणून वरची रक्कम द्यायची असेल तर पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ (ओळखीच्यांना पैसे पाठवायचा पर्याय) ने देऊ नका, त्याला खरेदीदाराचं संरक्षण नसतं. ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ (खरेदीचे पैसे द्यायचा पर्याय) ने दिलेत तर तक्रारीला १८० दिवस मिळतात. आजारपण, कुरिअरचा घोळ अशी कारणं देत काही जण नेमकी हीच मुदत उलटून जाऊ देतात.

बोलणं ग्रुपच्याच इनबॉक्समध्ये ठेवा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण मेसेज नंतर पुसले जातात. आलेलं पार्सल उघडताना सीलपासून सलग व्हिडिओ घ्या. आत भलतंच निघालं, तर त्याच दिवशी अ‍ॅडमिनकडे पाठवायला तो हाताशी असेल.