लुंबिनीला जाताना सोनौलीचा बाजार कसा करावा

कापूस वेचून झाला की आमच्या वस्तीतून बाया लुंबिनीला निघतात. बल्लारशा किंवा नागपूरहून राप्तीसागरने गोरखपूर, तिथून बसने सोनौली. सीमेवरच्या कमानीच्या अलीकडे उत्तर प्रदेशाचा महाराजगंज जिल्हा, पलीकडे नेपाळचं बेलहिया. एकाच रस्त्यावर ट्रक, रिक्षा, डोक्यावर पोती घेतलेली माणसं आणि त्यात आपला जथा. सोबतच्या बायांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी कागद. नेपाळला व्हिसा लागत नाही, पण मतदान कार्ड किंवा पासपोर्ट लागतो, तोही मूळ. नुसत्या आधारवर जाता येतं ते १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना. आपल्याकडे सगळीकडे आधार पुरतं, म्हणून मतदान कार्ड पेटीतच राहतं. निघायच्या आदल्या रात्री एकेकीचं कार्ड हातात घेऊन बघा.

खरेदी परतीच्या वेळीच करा. बेलहियाच्या पुढच्या भैरहवा शहराहून लुंबिनी साधारण २२ किलोमीटर. बोजा घेऊन मायादेवी मंदिरात आणि अशोकस्तंभापुढे उभं राहण्यात मन लागत नाही.

पैशाचा हिशेब मात्र नीट समजून घ्या. आपले १०० म्हणजे नेपाळचे १६०, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. सीमेवर दोन्ही पैसे चालतात आणि दुकानदार नुसता आकडा सांगतो. म्हणून घासाघीस करायच्या आधी विचारा, "आयसी या एनसी?" आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. ८०० नेपाळी म्हणजे आपले ५००, १६०० म्हणजे १०००, एवढं पाठ असलं की झालं. तो नेपाळी आठशे म्हणाला आणि तुम्ही आपले आठशे मोजले, तर तीनशे गेले. निंदायला गेलेल्या बाईची दिवसभराची मजुरी आहे ती! शंभर-पन्नासच्या नोटा घरूनच जमवा, मोठ्या नोटेवरून तिकडे कटकट होते.

घ्यायचं काय? माझ्या मते ब्लँकेट आणि जाकीट. हरभऱ्याला रात्रीच्या लाइनीवर ओलीत करणाऱ्या माणसाला जाड जाकीट किती कामी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. ब्लँकेट झिपच्या पिशवीत कोंबलेलं असतं, बाहेरून जाडजूडच दिसतं. ते बाहेर काढायला लावा. दोघींनी दोन टोकं धरून उजेडापुढे करा. आरपार उजेड दिसला तर परत द्या. मग तळहाताने उलटं घासा. हाताला लव लागली तर दोन धुण्यांत ते उघडं पडेल. काठाची शिलाई चारही बाजूंनी चाचपा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या, पुढे दुकानंच दुकानं आहेत. मोबाइल-चार्जर तिथून घेऊ नका, बिघडला तर कोणाकडे जाणार?

"ताई, एवढी थैली पलीकडे नेऊन द्या," असं कोणी म्हटलं तर हात लावू नका, माणूस कितीही गरीब दिसो. कस्टमवाल्यांनी थैली उघडली की जिच्या हातात ती, तिचाच माल. स्वतःच्या खरेदीची बिलं मात्र जपून ठेवा.

नेपाळचं घड्याळ १५ मिनिटं पुढे असतं. सीमेजवळ एकीचा मोबाइल इकडची वेळ दाखवतो, दुसरीचा तिकडची. म्हणून बसची वेळ आपल्या घड्याळाने ठरवा आणि भेटायची जागा सगळ्यांना चालत नेऊन दाखवा, कारण आपलं सिम तिकडे लागेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत तिकडे दाट धुकं पडतं, गाड्या रखडतात. जमलं तर फेब्रुवारीत निघा. उरलेले नेपाळी पैसे कमान ओलांडायच्या आधीच बदलून घ्या, चिल्लरीची केळी घेऊन बसमध्ये वाटा.