सगळ्या चौकोनांवर टिक करणाऱ्याला शून्यच मिळावं: बहु-उत्तरी प्रश्न कसा तयार करावा

ज्या प्रश्नात एकापेक्षा जास्त पर्यायांवर टिक करायची असते, त्याबाबत 'चुकीच्या पर्यायाचे गुण कापू नका, मुलं घाबरतात' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. मूडल या ऑनलाइन वर्ग-चाचण्यांच्या प्रणालीत चुकीच्या पर्यायापुढचा गुणांचा रकाना तसाच सोडला, तर तिथे शून्य धरलं जातं. मग पाचही चौकोनांवर टिक करणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि विचार करून दोनच निवडणारी मुलगी मागे पडते.

आधी प्रश्न. समजा, विचारायचं आहे: 'खालीलपैकी कोणकोणत्या नद्या थेट गोदावरीला मिळतात?' पर्याय: मांजरा, सिंदफणा, दक्षिण पूर्णा, तेरणा, दुधना. पहिल्या तीन बरोबर. तेरणा मांजरेला मिळते, दुधना पूर्णेला.

यातला 'थेट' काढून पाहा. दुधनेचं पाणी शेवटी गोदावरीतच जातं, त्यामुळे तिच्यावर टिक करणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. 'दक्षिण' काढलं तरी घोटाळा होतो, कारण विदर्भातली पूर्णा तापीला मिळते. प्रत्येक पर्याय प्रश्नाला जोडून स्वतंत्र वाक्य म्हणून वाचा. त्यावर वाद न होता 'हो' किंवा 'नाही' म्हणता आलं, तरच तो ठेवा.

'कोणती नदी मिळते?' असं एकवचनी लिहिलं की मुलं एकच टिक करून पुढे जातात, म्हणून 'कोणकोणत्या' लिहा. खाली 'एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर आहेत' एवढं सांगा, नेमकी किती ते सांगू नका. पाचातली तीन असं कळलं, तर निवडीच्या फक्त १० जोडण्या उरतात. न सांगता २६ असतात. 'वरील सर्व' हा पर्याय कधीच नको. पर्यायांचा क्रम बदलला की 'वरील'ला अर्थच राहत नाही.

आता गुण. बहुतेक प्रश्न इथेच बिघडतात.

मूडलमध्ये बहुपर्यायी प्रश्न उघडून 'एकच उत्तर'ऐवजी 'अनेक उत्तरं' निवडा. बरोबर पर्यायांच्या टक्क्यांची बेरीज १०० व्हावी लागते, नाहीतर प्रश्न जतनच होत नाही. तीन बरोबर असतील तर प्रत्येकी ३३.३३३३३ टक्के. चुकीच्या पर्यायांची बेरीजही उणे १०० ठेवा. हे मूडल तपासत नाही, ते तुम्हालाच पाहावं लागतं. इथे चुकीचे दोन आहेत, म्हणून प्रत्येकी उणे ५०. दोन बरोबर आणि तीन चूक असतील तर अधिक ५० आणि उणे ३३.३३३३३.

प्रश्न ३ गुणांचा धरून हिशेब मांडू. तिन्ही बरोबर निवडल्या तर ३. दोनच बरोबर निवडल्या तर २. तिन्ही बरोबर आणि सोबत तेरणाही, तर दीड. दोन बरोबर, एक चूक: अर्धा. सगळ्यांवर टिक: शून्य. गुण शून्याच्या खाली जात नाहीत, त्यामुळे एका प्रश्नातली चूक दुसऱ्या प्रश्नाचे गुण खात नाही.

चुकीच्या पर्यायाला उणे ३३ दिलं तर सगळ्यांवर टिक करणाऱ्याला ३ पैकी १ गुण फुकट मिळतो. उणे १०० दिलं तर तिन्ही नद्या माहीत असलेलं पोर एका चुकीने शून्यावर येतं, आणि पुढच्या प्रश्नांत माहीत असलेल्या पर्यायावरही टिक करायला कचरतं. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतली मुलं जेईई ॲडव्हान्स्डचा नियम गृहीत धरतात: सगळे बरोबर तर ४, त्यातले मोजकेच निवडले तर कमी गुण, एक जरी चूक झाली तर उणे २. तुमचा नियम वेगळा आहे, तो चाचणीच्या सुरुवातीलाच लिहा.

गुगल फॉर्ममध्ये हे जमत नाही. तिथे चेकबॉक्सचा प्रश्न पूर्ण जुळला तरच गुण मिळतात, एक नदी राहिली तरी शून्य. अंशतः गुण हवे असतील तर उत्तरं पाहून हाताने द्यावे लागतात. साठ मुलांच्या वर्गासाठी ते करत बसू नका. पाच नद्यांचे पाच चूक-बरोबर प्रश्न करा, प्रत्येकी एक गुण.

मजकूर युनिकोडमध्येच टाका. जुन्या श्रीलिपी फाँटमधून चिकटवलेलं मराठी मोबाइलवर अगम्य चिन्हं होऊन उमटतं. पर्याय एका ओळीत मावतील एवढे लहान ठेवा. पर्यायांचा क्रम बदलण्याची सोय चालू करा. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला अभिप्राय देता येतो, तिथे 'तेरणा मांजरेला मिळते' एवढं लिहिलं तरी पुरतं.

मग पूर्वदृश्यात तीनदा सोडवा: फक्त बरोबर, फक्त एक बरोबर, सगळ्यांवर टिक. तिसऱ्या वेळी शून्याशिवाय काहीही आलं तर टक्के पुन्हा तपासा.

चाचणी झाल्यावर मूडलच्या सांख्यिकी अहवालात कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते दिसतं. एखाद्या चुकीच्या पर्यायाला कुणीच हात लावला नसेल तर तो बदला. वर्गातल्या हुशार मुलांनीच मोठ्या संख्येने दुधना निवडली असेल, तर त्यांचे गुण कापण्याआधी 'थेट' हा शब्द प्रश्नात खरंच छापला गेला आहे का ते पाहा.