अवधाण समजलं तर लसीका समजली

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी दिंडोरी तालुक्यातून रोज एसटीने नाशिकला यायचे. म्हसरूळच्या अलीकडे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं आवार दिसलं की पुस्तक मिटायचं, हे ठरलेलं. त्या प्रवासात मी हृदय चार-चार वेळा वाचलं आणि लसीका संस्थेचा (लिम्फॅटिक सिस्टीम, म्हणजे पेशींमधलं उरलेलं पाणी रक्तात परत नेणाऱ्या नळ्या आणि गाठी) धडा मात्र दरवेळी उद्यावर ढकलला. धडा लहान, आकृतीत नुसत्या हिरव्या रेघा, मार्कही थोडे. पहिल्याच चाचणीत प्रश्न आला: पायाला सूज येते तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं? हृदयाचे चारही कप्पे मला तोंडपाठ होते, पण उत्तर येईना. यंदा प्रवेश घेतलेल्यांसाठी हे लिहितेय, कारण हीच चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो. रक्ताभिसरण आणि लसीका हे दोन धडे नाहीत, तो पाण्याचा एकच फेरा आहे.

आधी शब्दांचं बघू. मराठी माध्यमातून आलेल्यांना रोहिणी-नीला किंवा धमनी-शिरा माहीत असतात, इथे एकदम आर्टरी आणि व्हेन सुरू होतं. शब्द महिनाभरात बसतात. खरी अडचण ‘शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त’ या शाळेतल्या व्याख्येची आहे. ती सोडून द्या. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. रंगाशी संबंध नाही. फुप्फुस रोहिणीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुस नीलेत ऑक्सिजनयुक्त. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

हृदय पुस्तकातून शिकू नका. बोकडाचं हृदय आणा. मटणाच्या दुकानात ‘काळीज’ मागाल तर यकृत मिळेल. ‘दिल’ मागा, आणि चिरा न देता, वरच्या नळ्या शाबूत ठेवून द्या असं सांगा. घरी आणून वाहत्या पाण्याखाली आतल्या गुठळ्या धुवा. वर पांढरट, रबरासारखं जाड तोंड दिसेल, ती महारोहिणी, हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रोहिणी. तिच्यात वाटीने हळूच पाणी ओता. पाणी खाली उतरत नाही, तोंडाशीच थांबतं, आणि वाकून बघितलं की तीन छोटे खिसे पाण्याने फुगून एकमेकांना टेकलेले दिसतात. झडप म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तिला स्नायू नाही, ती स्वतः हलत नाही. उलट येणारं रक्तच तिला मिटवतं. मग हृदय उभं कापा. डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड लागते. उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचं असतं, डाव्याला पायाच्या अंगठ्यापर्यंत. आतल्या झडपांना शिवणीच्या दोऱ्यासारखे पांढरे तंतू असतात, ते चिमटीत धरून ओढून बघा. किती चिवट आहेत!

आकडे फार पाठ करायची गरज नाही. एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. अंगात रक्तही साधारण तेवढंच. स्वस्थ बसलेल्या माणसाचं सगळं रक्त मिनिटभरात एक फेरा करतं.

आता ज्या जागी मी अडकले होते ती जागा. केशवाहिनी म्हणजे रोहिणी आणि नीला यांना जोडणारी केसासारखी बारीक नळी. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते आणि ७-८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबडी पेशी तिच्यातून रांगेने, अंग चोरून जाते. इथे रक्ताचा वेग अगदी मंदावतो. एक केशवाहिनी अरुंद असली तरी सगळ्या मिळून पात्र फार रुंद होतं. गोदावरी सोमेश्वरच्या धबधब्याला कशी उसळते आणि गंगापूर धरणाच्या फुगवट्यात कशी निवांत पसरते, तसंच. या संथपणातच देवाणघेवाण होते. रोहिणीकडच्या टोकाला रक्ताचा दाब सुमारे ३५ मिमी (पाऱ्याच्या मापात) असतो, तो पाणी बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, सुमारे २५ च्या जोराने पाणी आत ओढतात. नीलेकडच्या टोकाला दाब १५ च्या आसपास उतरतो, तेव्हा ओढ जिंकते आणि बरंचसं पाणी परत येतं. पण सगळं नाही. पाठ्यपुस्तकातल्या हिशेबाने दिवसाला सुमारे २० लिटर बाहेर पडतं, १७ लिटर परत येतं आणि ३ लिटर पेशींच्या मधेच उरतं. अंगातला एकूण प्लाझ्माच, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग, जेमतेम ३ लिटर असतो. उरलेलं पाणी परत आणणारं कुणी नसतं तर एका दिवसात रक्तवाहिन्या कोरड्या पडल्या असत्या.

ते परत आणते लसीका. आमचा द्राक्षबाग आहे, म्हणून मी ते असं लक्षात ठेवलं: ठिबकच्या मोठ्या नळीपासून बारीक होत जाणाऱ्या मेनलाइन, सबमेन, लॅटरल, ड्रिपर ही रोहिणीची बाजू, आणि बागेच्या कडेचा चर म्हणजे लसीका. चर बुजला की मुळाशी पाणी साचतं. फरक एवढाच, की चराचं पाणी ओढ्याला जातं आणि लसीका थेंबन् थेंब पुन्हा रक्तात आणते. दोन्ही पाय, पोट आणि शरीराची डावी बाजू यांची लसीका छातीतल्या मोठ्या नळीतून चढून डाव्या गळपट्टीच्या हाडामागे नीलेत पडते. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि डोक्या-मानेची उजवी बाजू यांची उजवीकडे. हा डाव्या-उजव्याचा विषम वाटा आकृती काढूनच बसतो.

वाटेत गाठी असतात, आणि त्या तुम्हाला आधीच माहीत आहेत. पायात काटा मोडला, ठेच पिकली, की जांघेत दुखरी गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. माझी आजी जांघेतली गाठ बघून आधी तळपाय तपासायची, बोटांच्या बेचक्यात जखम शोधायची. जखम खाली आणि गाठ वर, हे तिला लसीकेचं नावही न ऐकता ठाऊक होतं. पायाची लसीका जांघेतल्या गाठींतून गाळून जाते, हाताची काखेतल्या. जंतू पोचले की तिथल्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि गाठ फुगते. दुखरी गाठ जखमेबरोबर ओसरते. न दुखणारी, कडक, वाढत जाणारी गाठ मात्र डॉक्टरांना दाखवायचीच.

लसीकेला हृदय नाही. तिला पुढे सरकवतात तिच्या भिंतीतलं हलकं आकुंचन, आतल्या झडपा, श्वास आणि आजूबाजूचे स्नायू. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आई सकाळपासून मांडवाखाली उभी असते आणि संध्याकाळी तिच्या पायावर पैंजणाचा वळ उठतो. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून धरला की खळगा राहतो, कारण तिथे पाणी साचलेलं असतं. तिला आता तासातासाला टाचा उचलायला आणि रात्री पाय उशीवर ठेवायला सांगितलंय. पोटरी आवळली की नीला आणि लसीका, दोन्ही वर रिकाम्या होतात. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर मात्र हा उपाय नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात एका मावशींचा बीपी घ्यायला गेले. हाताशी आला तो डावा हात, पट्टा गुंडाळायला लागले. त्यांनी हात मागे घेतला. “ह्या हाताला नको गं बाई, काखेतल्या गाठी काढल्यात.” स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, फाइलवर लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. काखेतल्या गाठी गेल्या की त्या हाताची लसीका निघायची वाट अरुंद होते. म्हणून त्या बाजूला बीपीचा पट्टा, सुई, सलाईन शक्यतो टाळतात आणि साधं खरचटलं तरी लगेच धुवून काढतात. मी पट्टा सोडून पलीकडे गेले. तेव्हा दिसलं, दोन्ही हातांच्या हिरव्या बांगड्या त्यांनी उजव्या हातातच घातल्या होत्या.