इन्सुलिन सोसत नाही म्हणताय? आधी या चुका टाळा

इंजेक्शन घेतल्यावर दरदरून घाम आला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की घरचे निकाल देऊन टाकतात: "यांना इन्सुलिन सोसत नाही." खरी ॲलर्जी क्वचितच असते. बहुतेकदा साखर उतरलेली असते.

सगळ्यात घातक चूक सिरिंजची. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन सहसा १ मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० चं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध ४० च्या सिरिंजने, म्हणजे लाल टोपीवाल्या, ओढलं तर १० च्या खुणेपर्यंत भरताना प्रत्यक्षात २५ युनिट येतात. हा जुगाड करूच नका. कुपी वापरत असाल तर टोपीच्या रंगावर न जाता कुपी आणि सिरिंज दोन्हींवरचे आकडे जुळवून पाहा.

वेळेचा घोळ ठाणेकरांना वेगळा सांगायला नको. ऐरोलीच्या ऑफिसातून निघतानाच रात्रीचा डोस टोचायचा आणि मग माजिवड्याच्या पुढे घोडबंदर रोडवर अडकून बसायचं. जेवण लांबतं, इन्सुलिन थांबत नाही. जेवणासोबतचा डोस घरी पोहोचल्यावरच घ्या.

आता पोट चाचपून बघा. बेंबीशेजारी रबरासारखी मऊ-घट्ट गाठ लागते का? रोज तिथेच टोचल्याने ती होते आणि तिथे दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो. गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी एकदम शोषलं जातं. जागा बदला, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा. पण डॉक्टरांना विचारून: चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर धाडकन उतरू शकते.

नुसती आग होत असेल तर इन्सुलिन फ्रिजमधून काढून लगेच टोचलं असेल, नाहीतर स्पिरिट वाळायच्या आत.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. चेहरा सुजला, धाप लागली तरीही १०८.

डॉक्टरांकडे जाताना फक्त रिपोर्ट नको. पेन, सुया, सिरिंज पिशवीत घाला आणि कसं टोचता ते त्यांच्यासमोर करून दाखवा.