प्लग-इन हायब्रिड घेऊन लांब निघताय? ॲव्हरेज खाणाऱ्या या चुका टाळा

प्लग-इन हायब्रिड म्हणजे प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली गाडी. रोजच्या वीस-तीस किलोमीटरच्या फेऱ्यांत जी गाडी पेट्रोल पंपाचं तोंडही बघत नाही, तीच लांबच्या प्रवासात भराभर टाकी रिकामी करायला लागली की मालक हवालदिल होतो. बहुतेक वेळा गाडीला काहीच झालेलं नसतं. ५०० किलोमीटर जायचंय आणि बॅटरी ६० किलोमीटर नेते, म्हणजे उरलेले ४४० पेट्रोलवरच कापायचे आहेत. लोक मात्र सगळं लक्ष त्या ६० वर लावतात आणि मोडची बटणं दाबत बसतात. पैसे जातात किंवा वाचतात ते ४४० मध्ये.

स्क्रीनवरचा आकडा खरा मानणं

समजा, बॅटरी संपल्यावर तुमची गाडी लिटरला १८ किलोमीटर देते. पहिल्या १०० किलोमीटरपैकी ६० विजेवर गेले, तर पेट्रोल लागलं फक्त सव्वादोन लिटर. स्क्रीन दाखवणार ४५ च्या आसपासचं ॲव्हरेज! ५०० किलोमीटर पूर्ण होईपर्यंत तेच साडेवीसवर येतं. गाडी तीच, चालवणं तेच. ‘निघाल्यावर छान देत होती, मग पडत गेलं’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

कंपनीच्या कागदावरचा आकडा तर याहून फसवा. गाडी नियमित चार्ज होते आणि बरीचशी विजेवर चालते, असं गृहीत धरून तो काढलेला असतो. युरोपियन आयोगाने २०२१ मध्ये नोंदवलेल्या गाड्यांचा प्रत्यक्ष वापर तपासून मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यात प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. त्यामुळे तुलनेसाठी एकच आकडा कामाचा: बॅटरी संपल्यानंतर ट्रिप मीटर शून्य करायचा, टाकी फुल करायची आणि पुढच्या वेळी टाकी फुल करताना किती लिटर बसलं ते बघायचं.

बॅटरी हायवेवरच उडवणं

चार्ज पूर्ण आहे म्हणून घरातून निघाल्यापासून विजेवरच पळवायची, ही सर्रास दिसणारी सवय. हायवेच्या वेगाला वीज भराभर संपते आणि नेमक्या त्याच ठिकाणी, स्थिर वेगाला, पेट्रोल इंजिन बऱ्यापैकी काटकसरीने चालतं. उलट गर्दीत, सिग्नलवर, गल्लीबोळात इंजिन सगळ्यात वाईट वागतं. म्हणून शहरातून बाहेर पडताना वीज, हायवेला लागलं की बॅटरीतली वीज राखून ठेवणारा सेव्ह किंवा होल्ड मोड, आणि मुक्कामाचं शहर जवळ आलं की पुन्हा वीज. काही गाड्या नेव्हिगेशनमध्ये ठिकाण टाकलं की हा हिशेब स्वतःच करतात. त्यांना करू द्या.

मात्र जपून जपून अर्धी बॅटरी घेऊन मुक्कामी पोचणं हीही चूकच. तिथे चार्जिंगची सोय असेल, तर पोचताना बॅटरी रिकामी असायला हवी. न वापरलेल्या विजेऐवजी वाटेत पेट्रोलच जळलेलं असतं.

घाटाचं गणित निराळं. चढाआधी थोडी वीज राखलेली असली की इंजिनाला एकट्याने ओरडत चढावं लागत नाही. पण माथ्यावर बॅटरी भरलेली ठेवू नका. उतारावर चाकांतून परत येणारी वीज साठवायला जागा नसेल, तर ती वाया जाते आणि गाडी ब्रेकवर किंवा इंजिनाच्या ओढीवर आवरावी लागते.

चालता चालता इंजिनाने बॅटरी भरणं

चार्ज मोड हे मला या गाड्यांमधलं सगळ्यात जास्त गैरसमज पसरवणारं बटण वाटतं. पेट्रोल जाळून जनरेटर फिरवायचा, ती वीज बॅटरीत भरायची, मग काढून मोटर चालवायची. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतं. पुढे फक्त विजेवर चालतानाच प्रवेश असलेला भाग असेल किंवा मोठा घाट असेल, तर ठीक. एरवी हात लावू नका. बॅटरी ‘शून्य’ दाखवत असली तरी थोडा साठा राखीव असतो आणि गाडी हायब्रिडसारखी चालतच राहते, त्यामुळे ती भरून ठेवायची घाईही नसते.

चहाच्या थांब्यावर चार्जिंग

बहुतेक प्लग-इन हायब्रिड संथच चार्ज होतात. ३.३ किलोवॅटने वीस मिनिटं लावली तर १.१ युनिट मिळतं, म्हणजे जेमतेम पाच-सहा किलोमीटर. जेवायला तासभर थांबणार असाल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही दर बघा. गाडी युनिटला साडेपाच आणि लिटरला १८ किलोमीटर देत असेल, तर एक युनिट म्हणजे साधारण ०.३ लिटर पेट्रोल. युनिटचा दर लिटरच्या दराच्या तीस टक्क्यांहून जास्त असला की ते चार्जिंग पेट्रोलपेक्षा महाग पडलं.

वेग आणि टप

खरी बचत इथे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी जास्त. टपावर मोठी पेटी बांधली असेल, तर ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला ॲव्हरेज १० ते २५ टक्के पडू शकतं, असं अमेरिकी सरकारची इंधन-बचतीची माहिती सांगते. सामान आत बसत असेल तर आतच बसवा आणि रिकामे रॅक काढून ठेवा. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना त्यांची हवा तपासा. सामान आणि माणसं भरली की किती दाब हवा, ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं.

बॅटरी भरलेली, तरी इंजिन का सुरू होतं?

बिघाडच असेल असं नाही. हीटर किंवा काचेवरचं धुकं घालवणारा डीफॉगर लावला, एक्सिलरेटर जोरात दाबला, बॅटरी फार थंड किंवा फार तापलेली असली, तर कित्येक गाड्या इंजिन चालू करतात. थंडीत निघण्याआधी गाडी प्लगला असतानाच केबिन गरम करून घ्या. हायवेवर इंजिन चालूच असतं, तेव्हा त्याच्या उष्णतेवर हीटर जवळजवळ फुकटात चालतो.

आणि खरंच ॲव्हरेज पडलं असेल तर

त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगाला, बॅटरी संपल्यानंतरचं ॲव्हरेज आधीपेक्षा स्पष्ट कमी येत असेल, तर आधी टायरची हवा आणि व्हील अलाइनमेंट बघून घ्या. मग ब्रेक. या गाड्या बराचसा वेग मोटरनेच कमी करतात, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि ब्रेकची डिस्क गंजते, तिला पकडणारा कॅलिपर अडकतो. हायवेवरून उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, डिस्कला मात्र स्पर्श करू नका. बाकीच्या तिन्हींपेक्षा एखाद्या चाकाची धग जास्त लागली, तर त्याचा ब्रेक घासत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पुढचा लांबचा टप्पा गाठण्याआधी मेकॅनिककडून चाक उघडून घ्या.