खातं सक्तीने जोडायला लावलं, तेव्हा काय उपयोगी पडलं

साइट विकली गेली की नव्या मालकाचं लॉगिन गळ्यात येतं, म्हणजे जुनं खातं त्याच्या खात्याशी जोडावं लागतं. याहूने २००५ मध्ये फ्लिकर ही फोटोंची साइट घेतली आणि १५ मार्च २००७ नंतर जुनं लॉगिन बंद केलं. जुने सदस्य खवळले, आणि माझ्या मते त्यांचा राग रास्तच होता. माइनक्राफ्ट या गेमची जुनी मोजांग खाती (मोजांग ही गेम बनवणारी कंपनी) नव्या मालकाच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, खात्यावर हलवायची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली. राग धरावा, पण मुदत चुकवू नये.

सर्वांत आधी जुन्या खात्यावरचा ईमेल तपासा. तो बंद पडला असेल तर लॉगिन चालू असतानाच बदला. लॉगआउट अजिबात करू नका, कारण पुन्हा आत शिरताना कोड त्याच मेलवर जाऊ शकतो. मग डेटा डाउनलोड करा आणि झिप उघडून बघा. अर्धवट फाइल बऱ्याचदा तेव्हाच कळते.

जोडणी ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) विंडोत करा. हे मी आग्रहाने सांगते. साध्या ब्राउझरमध्ये नव्या कंपनीचं दुसरंच खातं, घरच्यांचं किंवा ऑफिसचं, आधीच उघडं असतं; ‘पुढे’ दाबलं की तेच चिकटतं आणि काही ठिकाणी ते परत सुटत नाही. माझी जोडणी दोनदा अडली ती यामुळेच. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारा खात्याचा ईमेल वाचूनच होकार द्या.

नंतर बॅकअप कोड (नेहमीचा कोड मिळाला नाही तर आत शिरायला लागणारे राखीव कोड) कागदावर उतरवा. जुन्या पासवर्डवर चालणारी ॲप बंद पडतात, तिथे नव्याने परवानगी द्यावी लागते.